साच्यावरच्या माणसाचे तीन शर्ट

हौशी नाटकात कपडेपटाचे पैसे सगळ्यात शेवटी ठरतात. नेपथ्याचं लाकूड, लाइटचं भाडं, टेम्पो, स्पर्धेची प्रवेश फी भागली की उरेल ते आपलं. आमची एकांकिका गिरणगावातली. १८ जानेवारी १९८२ला मुंबईच्या कापडगिरण्यांत सुरू झालेला संप, घरी बसलेले सुमारे अडीच लाख कामगार आणि त्यांतलंच एक कुटुंब, लालबागच्या चाळीतल्या एका खोलीतलं. पहिला प्रवेश संपाच्या आदल्या रात्रीचा, शेवटचा दीड वर्षानंतरचा.

पेशवाई असती तर अंगरखे-पगड्या भाड्याने मिळाल्या असत्या. १९८२ला मात्र कुणी ऐतिहासिक मानत नाही. ते कपडे नुसते जुने. त्यामुळे नातेवाइकांच्या ट्रंका उघडायच्या आणि बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात ढीग उपसायचे. लांब टोकांच्या कॉलरचे टेरिकॉटचे शर्ट, खाली घेर असलेल्या पँटी, सासूसाठी नऊवारी, सुनेसाठी सहावारी.

पैसे नसले की संहिता जास्त बारकाईने वाचावी लागते. आमचा नायक गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, काम करणारा. त्याच्या घरात नवा कपडा येणारच नाही, म्हणून मी त्याला तीनही प्रवेशांत एकच फिकट निळा शर्ट दिला. प्रत्यक्षात ते तीन शर्ट आहेत. छटा तंतोतंत जुळत नाहीत, पण पिवळट प्रकाशात तेवढा फरक मरतो. पहिला अंगाबरोबर, खोचलेला, बाह्यांची बटणं लावलेली. दुसरा चुरगळलेला, एक बटण गेलेलं. तिसरा दोन मापांनी मोठा. गळ्याचं बटण लावलं तरी कॉलर मानेपासून सुटून राहते, खांद्याची शिवण दंडावर उतरते. प्रेक्षकांना शर्ट मोठा झालेला दिसत नाही, माणूस खंगलेला दिसतो. हजारो रुपयांच्या रंगभूषेने हे साधलं नसतं, असं मला मनापासून वाटतं.

कापड जुनं करण्याचीही रीत असते. पांढरा बनियन दिव्याखाली डोळ्यांवर येतो, म्हणून तो चहाच्या पाण्यात बुडवायचा. सुती धागा चहाचा रंग धरतो. टेरिकॉटमधलं पॉलिएस्टर धरत नाही. त्या शर्टांची कॉलर आणि कफ सँडपेपरने घासायचे. मग शर्ट भिजवून, खिशात दगड घालून वाळत टाकायचा. खिसा ओघळतो, आणि विड्या, रेशनकार्ड, पावत्या वर्षानुवर्षं त्यातच राहिल्यासारखा दिसतो.

सगळ्यात कमी खर्च सुनेच्या गळ्यावर झाला. मधल्या प्रवेशात मंगळसूत्र गहाण पडतं. संवादात त्याचा उल्लेख नाही. पुढच्या प्रवेशात ती पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधून येते, बस्स. पहिल्या प्रयोगाला मागच्या रांगेतल्या बायकांमध्ये ते पाहून कुजबुज झाली. ज्यांनी ते घरात पाहिलंय, त्यांना आणखी काही सांगावं लागत नाही.

बाकीचं विंगेतलं शहाणपण. अंधारात कपडे बदलायचे तर वेल्क्रो नको, त्याचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत जातो. मोठी टिचबटणं लावावीत. पायांकडे दुर्लक्ष करू नये, कारण रंगमंच उंच असला की पुढच्या रांगांच्या नजरेसमोर चपलाच असतात. उसन्या आणलेल्या प्रत्येक कपड्याच्या आत मालकाचं नाव धावदोऱ्याने शिवावं. नऊवारी तर मुलीला पहिल्या आठवड्यापासूनच तालमीत नेसवावी. काष्टा घालून जमिनीवर बसून भाजी चिरणं रंगीत तालमीच्या रात्री येत नाही.

आमच्याकडे शेवटी थोडे पैसे उरले. सगळ्यांचं म्हणणं, तिसरा शर्ट आणखी फाटका करू. मी ते पहिल्या शर्टावर घातले: नवी बटणं, कॉलरला खळ आणि प्रत्येक प्रयोगाआधी परिटाकडची कडक इस्त्री. संपाआधी हा माणूस स्वतःच्या पगारावर नीटनेटका राहत होता, हे पहिल्या दोन मिनिटांत दिसलंच पाहिजे.