प्रकाशाचे सूक्ष्म छिद्र

सूक्ष्मदर्शकाची भिंगे कितीही निर्दोष घासली, तरी प्रकाशाच्या तरंगलांबीच्या सुमारे निम्म्याहून लहान तपशील त्यांतून पृथक् दिसत नाही, हा जो निर्बंध अर्न्स्ट आबे यांनी १८७३ साली दाखवून दिला, त्याला बगल देण्याची युक्ती आयर्लंडच्या एडवर्ड सिंज यांनी १९२८ मध्ये सुचविली : तरंगलांबीहून पुष्कळ लहान अशा छिद्रातून प्रकाश सोडावा आणि ते छिद्र नमुन्याच्या अगदी लगत फिरवावे. कल्पना बिनतोड, पण असे छिद्र पाडायचे कसे?

ते काम पुढे काचतंतूकडे आले. सव्वाशे मायक्रोमीटर जाडीच्या तंतूवरील प्लॅस्टिकचे वेष्टन सोलून, तो लेसरने तापवून दोन्हीकडून झटक्याने ओढला, की तुटता तुटता निमुळता होतो. दुसरी रीत मला अधिक देखणी वाटते : तंतूचे टोक हायड्रोफ्लोरिक आम्लात बुडवून वर तेलाचा थर ठेवतात, काच झिजून बारीक होईल तसतसा तिला बिलगून वर चढलेला आम्लाचा काठ खाली उतरतो आणि शंकू आपोआप घडतो. (हे आम्ल मात्र हाडापर्यंत पोचणारे, तेव्हा हयगयीस मुभा नाही.)

नंतर निर्वात पात्रात तंतू फिरता ठेवून ॲल्युमिनियमची वाफ मागून तिरकी सोडतात, तेव्हा टोक स्वतःच्याच आडोशाने कोरे राहते. तेच ते छिद्र, साधारणतः ५० ते १०० नॅनोमीटरांचे. एवढ्या खटाटोपानंतर प्रकाशाचा दहा हजारावा हिस्सा, पुष्कळदा त्याहूनही कमी, पदरी पडतो; आणि अधिक वसूल करण्याच्या हव्यासाने लेसरचा जोर वाढविल्यास तापलेला मुलामाच उखडून जातो.