खजिना हंड्यात नव्हता, वसुलात होता

कोकणातल्या कुठल्याही किल्ल्यावर गेलं की पुरलेल्या धनाची गोष्ट निघतेच. राज्य पैशाच्या बळावर उभं राहतं हे खरं. पण तो पैसा कुठून येई आणि कुठे जाई, याबद्दल बरेच गैरसमज आहेत. रत्नागिरी परिसराशी संबंधित शिवकालीन पत्रं ते दूर करतात.

गैरसमज: स्वराज्य सुरतेच्या लुटीवर चाललं.
वस्तुस्थिती: सुरतेवरच्या स्वाऱ्या दोनच, १६६४ आणि १६७० साली. राजापूरची इंग्रजांची वखार लुटली ती १६६१ साली. या पैशाचा आधार मोठा होता. पण गडावरच्या शिबंदीचा, म्हणजे पहाऱ्यावरच्या शिपायांचा, खर्च सालोसाल चालायचा. तो अशा अधूनमधून येणाऱ्या लुटीवर भागत नसे. त्यासाठी जमीनमहसूल आणि जकात हेच नेमाचं उत्पन्न होतं.

गैरसमज: जकात फक्त तिजोरी भरायला असे.
वस्तुस्थिती: १६७१ साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे अंमलदार नरहरी आनंदराव यांना मिठाबद्दल लिहिलं. पोर्तुगीजांच्या बारदेशातलं मीठ स्वस्त पडलं तर व्यापारी तिकडेच वळतील, म्हणून त्यावर जबर जकात बसवा. स्वराज्यातल्या संगमेश्वरच्या मिठाच्या हिशेबाने ते महागच पडलं पाहिजे, असा हुकूम होता. आपली मिठागरं टिकली तरच पुढचं उत्पन्न टिकणार, हे त्यामागचं गणित.

गैरसमज: खजिना भरायचा तर रयत पिळावीच लागते.
वस्तुस्थिती: रत्नागिरी परिसरातल्या प्रभावळीचे सुभेदार रामाजी अनंत यांना १६७६ साली गेलेलं पत्र नेमकं उलट सांगतं. ज्याच्याकडे बैल नाहीत त्याला बैलांसाठी पैसे द्या, पोटाला दाणे द्या. जे दिलं ते व्याज न लावता, ऐपत येईल तसं हळूहळू परत घ्या. त्यापायी लाख-दोन लाख लारी (चांदीची नाणी) खर्ची पडल्या तरी चालतील. सारा ऐन जिनसी, म्हणजे पैशाऐवजी पिकाच्या रूपात, घ्यावा आणि नारळ, सुपारी, मिरी असा माल घाईने स्वस्तात न विकता भाव पाहून विकावा, असंही त्यात बजावलं आहे. जास्त जमीन लागवडीखाली आली की वसूल आपोआप वाढतो.

गैरसमज: ज्याचा साठा मोठा, त्याची सत्ता पक्की.
वस्तुस्थिती: १९८१ पर्यंत रत्नागिरी जिल्ह्यातच असलेला विजयदुर्ग आठवा. तिथले आरमारप्रमुख तुळाजी आंग्रे यांचं पेशव्यांशी वाकडं आलं आणि पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह या इंग्रज सेनानींनी किल्ला घेतला, आरमार जळालं. आत सापडलेली सुमारे १० लाखांची रक्कम इंग्रजांनी आपसांत वाटून घेतली. साठा होता, राखायला मित्र उरला नव्हता.

गैरसमज: गडावर सापडलेलं धन सापडेल त्याचं.
वस्तुस्थिती: १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांहून अधिक किमतीचं पुरलेलं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. संरक्षित किल्ल्यावर विनापरवाना खोदणं हाही गुन्हाच आहे. तेव्हा गडावर जाताना कुदळ नको. जाण्याआधी ही पत्रं मात्र जरूर वाचा.