सरासरी नको, टेलचा डेस्कटॉप बघा : हायपरकन्व्हर्ज्ड सर्व्हरवरचे व्हर्च्युअल डेस्कटॉप



"पीएचडीचा विषय कसा सापडला?" हा प्रश्न ज्युनिअर मुलं मला हमखास विचारतात. खरं सांगायचं तर मला तो कुठल्या पेपरमध्ये सापडला नाही, एका प्रॅक्टिकल परीक्षेत सापडला.

आमच्या भागातल्या एका कॉलेजच्या लॅबमध्ये मी मदतीला होतो. लॅबमध्ये नेहमीचे पीसी नव्हते. साठ टेबलांवर साठ छोट्या डब्या होत्या आणि खरे डेस्कटॉप खाली सर्व्हर रूममध्ये चालत होते. सकाळी परीक्षा सुरू होण्याआधी वीज गेली आणि दहा मिनिटांनी आली. सगळ्यांनी एकदमच बटणं दाबली. पुढच्या रांगांतली मुलं कोड लिहायला लागली, तेव्हा मागच्या रांगेत स्क्रीनवर नुसतं गोल फिरत होतं. घड्याळ मात्र सगळ्यांचं एकच. इंदापूर बाजूच्या गावातून पहिल्या एसटीने आलेली एक मुलगी हात मांडीवर ठेवून त्या गोलाकडे बघत बसली होती.

दुपारी आम्ही रिपोर्ट काढला. डेस्कटॉप उघडायला लागलेला सरासरी वेळ बरा होता. कागदावर सगळं ठीक! मग त्या मुलीचं काय झालं? आजचा लेख या एका प्रश्नावर आहे.

आधी शब्द समजून घेऊ

व्हर्च्युअल डेस्कटॉप म्हणजे तुमचा विंडोज किंवा लिनक्सचा पीसी सर्व्हरवर चालतो, आणि तुमच्या टेबलावर फक्त त्याचं चित्र येतं. तुम्ही कळ दाबली की ती सर्व्हरकडे जाते, बदललेलं चित्र परत येतं. प्रोव्हिजनिंग म्हणजे असे डेस्कटॉप तयार करून ज्याचे त्याला नेमून देणं.

आता हायपरकन्व्हर्ज्ड म्हणजे काय? जुन्या पद्धतीत तीन वेगळे थर असायचे : गणनेसाठी सर्व्हर, मधे स्टोरेजचं वेगळं नेटवर्क, आणि पलीकडे डिस्कचं मोठं कपाट. हायपरकन्व्हर्ज्ड पद्धतीत हे कपाट काढून टाकतात. प्रत्येक सर्व्हरमध्ये प्रोसेसर, रॅम आणि डिस्क असतात, अशा सर्व्हरला नोड म्हणायचं. तीन-चार नोड जोडले की सॉफ्टवेअर त्या सगळ्यांच्या डिस्क मिळून एकच सामाईक साठा असल्यासारखं दाखवतं. एखादा नोड बंद पडला तरी काम थांबू नये म्हणून प्रत्येक माहितीच्या दोन प्रती दोन वेगळ्या नोडवर ठेवतात.

साध्या सर्व्हरच्याच डिस्क जोडून मोठा साठा बनवायचा, या कल्पनेला गूगलच्या २००३ च्या गूगल फाइल सिस्टिमवरच्या पेपरने मोठं बळ दिलं. २००९ मध्ये सुरू झालेल्या न्यूटॅनिक्सच्या संस्थापकांपैकी मोहित अरोन यांनी त्याआधी गूगलमध्ये याच फाइल सिस्टिमवर काम केलं होतं. व्हीएमवेअरचं व्हीसॅन २०१४ मध्ये बाजारात आलं.

हिशोब करून बघू

पुढचे आकडे समजण्यासाठी मी धरलेले आहेत. वही घ्या आणि सोबत मांडा.

साठ डेस्कटॉप, प्रत्येकाला ६० जीबी डिस्क आणि ४ जीबी रॅम. नोड तीन.

आधी डिस्क. प्रत्येक डेस्कटॉपची पूर्ण वेगळी प्रत केली तर ६० गुणिले ६० म्हणजे ३६०० जीबी. दोन प्रती ठेवायच्या म्हणजे ७२०० जीबी. पण लॅबमध्ये सगळ्यांना तेच सॉफ्टवेअर लागतं. म्हणून एकच मूळ प्रतिमा ठेवतात, तिला गोल्डन इमेज म्हणतात. प्रत्येक डेस्कटॉप मूळ प्रतिमेतून वाचतो आणि स्वतःचे बदल तेवढे वेगळे लिहितो. याला लिंक्ड क्लोन म्हणतात. बदल प्रत्येकी ५ जीबी धरले तर ६० अधिक ३०० म्हणजे ३६० जीबी, दोन प्रतींचे ७२० जीबी. दहा पट बचत! मात्र हे बदल वाढत जातात, त्यामुळे लॅबमध्ये लॉगआउट झाल्यावर डेस्कटॉप मूळ स्थितीत आणतात आणि मुलांच्या फायली वेगळ्या जागी ठेवतात.

आता रॅम. इथेच लोक फसतात. प्रत्येक नोडवर २० डेस्कटॉप, म्हणजे ८० जीबी. स्टोरेज सांभाळणारं सॉफ्टवेअर त्याच नोडवर चालतं आणि तेही रॅम खातं. ते आणि हायपरवायझर मिळून ४० जीबी धरू. झाले १२०. मग १२८ जीबीचे नोड घेतले की काम झालं, बरोबर?

एक नोड बंद पडू द्या. उरलेल्या दोन नोडवर प्रत्येकी ८८ जीबी मोकळी रॅम, म्हणजे २२ डेस्कटॉप. दोन्ही मिळून ४४. सोळा मुलांना डेस्कटॉपच नाही! माहिती सुरक्षित आहे, तिच्या दोन प्रती होत्या. पण चालवायला जागा नाही. हेच नोड १९२ जीबीचे असते तर एकेका नोडवर ३८ डेस्कटॉप बसले असते, आणि दोन नोडवर साठ आरामात मावले असते. म्हणून तीन नोडचं गणित नेहमी दोन नोड धरून मांडायचं.

बूट स्टॉर्म

सगळे डेस्कटॉप एकदम सुरू झाले की जो ताण येतो त्याला बूट स्टॉर्म म्हणतात. समजा, शांतपणे काम करताना एक डेस्कटॉप सेकंदाला १० वेळा डिस्ककडे जातो आणि सुरू होताना १०० वेळा. साठ जणांचे एरवी ६००, वीज आल्यावर ६०००. जुनी फिरती हार्ड डिस्क सेकंदाला शंभरेक मागण्या कशाबशा पुरवायची. एसएसडी हजारो पुरवते, त्यामुळे आता डिस्क पूर्वीसारखी अडत नाही. पण गर्दी नाहीशी होत नाही, पुढच्या दारात जाऊन उभी राहते. आता प्रोसेसर अडतो, लॉगिन तपासणारा सर्व्हर अडतो, प्रोफाइल उघडणारा सर्व्हर अडतो. शिवाय प्रत्येक लेखन दुसऱ्या नोडवर पोचल्याशिवाय पूर्ण झालं असं धरत नाहीत, म्हणजे नोडमधलं नेटवर्कही आलंच.

ज्याने बटण उशिरा दाबलं तो या प्रत्येक दारात मागे उभा राहतो. मागच्या रांगेचं तेच झालं होतं.

आण्णांचा धडा

आमची शेती इंदापूर तालुक्यात, नीरा डाव्या कालव्याच्या शेवटच्या भागात. हा कालवा वीर धरणावरून निघतो आणि पुरंदर, बारामती करत इंदापूरकडे येतो. वरच्यांना पाणी आधी, आम्हाला शेवटी. सिंचनवाले आणि शेतकरी दोघंही या शेवटाला सरळ 'टेल' म्हणतात.

परीक्षेच्या त्या दिवशी संध्याकाळी मी चुलत्यांना, म्हणजे आण्णांना, सगळी गोष्ट सांगितली आणि म्हणालो, "पण सरासरी चांगली होती." आण्णा हसले. म्हणाले, "कालव्याला किती सुटलं ते नको सांगू, आपल्या चारीला किती आलं ते सांग. सरासरीनं ऊस भिजत नसतो, बाळा."

दुसऱ्या दिवशी मी रिपोर्ट परत उघडला. काय चुकत होतं ते एका छोट्या उदाहरणाने सांगतो. साठपैकी ५४ डेस्कटॉप २० सेकंदांत उघडले आणि ६ डेस्कटॉपना २०० सेकंद लागले, असं धरा. सरासरी किती? ३८ सेकंद. पण ३८ सेकंद एकालाही लागलेले नाहीत! मध्यक २० सांगतो, तोही सहा जणांना विसरतो. आता सगळे वेळ चढत्या क्रमाने लावा आणि ९५ टक्क्यांवरचा, म्हणजे सत्तावन्नावा वेळ बघा : २०० सेकंद. याला ९५वा पर्सेंटाइल म्हणतात. टेलला पाणी पोचलं का, हे तो सांगतो.

गंमत म्हणजे संगणकशास्त्रातही हाच शब्द आहे. जेफ डीन आणि लुईझ बारोसो यांचा २०१३ मधला 'द टेल अॅट स्केल' हा पेपर नक्की वाचा. त्यातला मुद्दा साधा पण धक्का देणारा आहे. एक सर्व्हर शंभरात एकदाच रेंगाळतो, पण एका कामाला असे शंभर सर्व्हर लागत असतील, तर ६३ टक्के कामं रेंगाळतात. आपल्या लॉगिनला पाच सेवा लागतात आणि प्रत्येक सेवा स्वतंत्रपणे शंभरात एकदा रेंगाळते, असं धरलं तरी जवळजवळ ५ टक्के लॉगिन अडकणार. साठात तीन मुलं.

मग उपाय काय?

कालव्यावर यावर फार पूर्वी विचार झालाय. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आली, तिच्याशी विश्वेश्वरय्यांचं नाव जोडलेलं आहे. पाणी किती आहे ते बघून आधीच ठरावीक क्षेत्राला मंजुरी द्यायची, ही त्यातली कल्पना. आपल्याकडे याचा अर्थ : दोन नोडवर जेवढे डेस्कटॉप चालतील तेवढ्यांचंच वचन द्यायचं.

दुसरी पद्धत शेजपाळी. एका शेताचं झालं की शेजारच्या शेताला, आणि सुरुवात टेलकडून. आपल्याकडे : वीज आल्यावर साठ डेस्कटॉप एकदम उठवायचे नाहीत, दहा-दहाच्या गटाने उठवायचे, आणि परीक्षा असेल तर मुलं यायच्या आधीच उठवून ठेवायचे. सर्व्हर रूमला आणि डब्यांना वेगळा बॅकअप असेल तर निम्मी अडचण तिथेच संपते.

पण थांबा. गट दहाचा असावा की पंधराचा? दोन गटांत किती सेकंद ठेवायचे? फार थांबलो तर शेवटचा गट त्या थांबण्यामुळेच उशिरा उघडेल. एक नोड बंद असताना हेच उत्तर बदलेल का? बारामतीतल्या सर्व्हरवरून पन्नासएक किलोमीटरवरच्या इंदापूरच्या लॅबला डेस्कटॉप दिले तर? फायबरमधून एवढं अंतर कापायला प्रकाशाला पाव मिलिसेकंद लागतो, म्हणजे अडचण अंतराची नाही. ती असेल तर मधल्या जोडण्यांतल्या गर्दीची, आणि ती मोजावीच लागेल.

बघा, इथे संशोधनाचा प्रश्न तयार झाला. "व्हर्च्युअल डेस्कटॉपचा अभ्यास" हा विषय नाही. "तीन नोडच्या क्लस्टरवर एक नोड बंद असताना, गटाचा आकार बदलला तर लॉगिनचा ९५वा पर्सेंटाइल कसा बदलतो?" हा विषय आहे. त्यात काय बदलायचं, काय स्थिर ठेवायचं आणि काय मोजायचं ते स्पष्ट आहे.

प्रयोग करताना तीन गोष्टी पाळा. प्रत्येक मोजणी अनेकदा करा, कारण पहिल्यांदा कॅशे रिकामी असते आणि दुसऱ्यांदा गोल्डन इमेज आधीच तिथे बसलेली असते. दोन्हींची नोंद वेगळी ठेवा. मूळ वेळा जपून ठेवा, नुसती सरासरी ठेवली तर पर्सेंटाइल नंतर काढताच येत नाही. आणि वापरकर्त्यांचं काम नकली तयार करायचं असेल तर लॉगिन व्हीएसआयसारखी साधनं आहेत, पण तुमच्या लॅबमधली मुलं खरंच काय उघडतात हे आधी तासभर मागे उभं राहून बघा.

मोठं क्लस्टर नाही म्हणून अडू नका. जुने तीन पीसी, प्रॉक्समॉक्स आणि सेफ ही मुक्त सॉफ्टवेअरं, आणि दहा छोटी लिनक्स मशीन एवढ्यावर पहिला आलेख निघतो. आकडे छोटे येतील, पण टेल दिसेल.

माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात सरासरीचा तक्ता होता. तो मी काढून टाकला आणि त्या जागी साठ ठिपके काढले, प्रत्येक मुलाचा एक. गाइड सरांनी उजवीकडच्या सहा ठिपक्यांवर बोट ठेवून विचारलं, "हे कोण?" तेव्हापासून मी त्याच प्रश्नाचं उत्तर शोधतोय.

तुमच्या लॅबमध्येही असे सहा ठिपके असतील. उद्या जाऊन मोजून बघा.