ओल्या वाळूसारखं सिमेंट

रूट कॅनाल करताना कधी दाताच्या मुळाला भोक पडतं, कधी मुळाचं टोक कापून बंद करावं लागतं. तिथे भरायला एमटीए नावाचं सिमेंट वापरतात. १९९० च्या दशकात अमेरिकेतल्या लोमा लिंडा विद्यापीठात डॉ. महमूद तोराबिनेजाद यांनी ते पुढे आणलं. मूळ माल कुठला? आपलं बांधकामाचं पोर्टलंड सिमेंट! अर्थात शुद्ध केलेलं, आणि एक्स-रेत दिसावं म्हणून त्यात बिस्मथ ऑक्साइड.

ओलाव्यातही ते घट्ट होतं, शेजारच्या हाडाला मानवतं. अडचण आहे ती हाताळण्याची. ३ भाग भुकटीत १ भाग पाणी कालवलं की ओली वाळूच होते. जागेवर नेईपर्यंत सुटते. घट्ट व्हायला सुमारे पावणेतीन तास. तोवर रक्ताबरोबर वाहून गेलं तर फट राहते, जंतू शिरतात, दात गमवावा लागू शकतो.

मग पाणी वाढवायचं का? गवंड्याला विचारा. जास्त पाण्याचं सिमेंट भुसभुशीत होतं. म्हणून मिथाइल सेल्युलोजसारखा चिकट पदार्थ घालतात. गोळा एकसंध राहतो. कॅल्शियम क्लोराइडने ते लवकर घट्ट होतं. बायोडेंटिनमध्ये तेही आहे आणि पाणी कमी लागावं म्हणून पॉलिमरही. ते १२ मिनिटांच्या आसपास घट्ट होतं. काही सिमेंटं तर आधीच मळलेली येतात, दातातल्या ओलाव्यावर घट्ट होतात.

पण प्रत्येक नवी भर घातली की ताकद आणि फट बुजणं पुन्हा तपासावं लागतं. डॉक्टरांच्या हाताला सोपं झालं, एवढ्यावर भागत नाही. ते दातात टिकलंही पाहिजे.