फैजी समिती, मुरुड आणि ग्रंथपालाची शोधक नजर

महाराष्ट्रातल्या सार्वजनिक ग्रंथालयांचा इतिहास सांगताना फैजी समितीचं नाव येतंच. मुंबई सरकारने १९३९ मध्ये नेमलेल्या या समितीचे अध्यक्ष आसफ अली असगर फैजी हे इस्लामी कायद्याचे थोर अभ्यासक. जंजिऱ्याचे नवाब सिद्दी अहमद खान यांच्या बेगम नाझली रफिया याच फैजी परिवारातल्या. नवाबांच्या मुरुडच्या राजवाड्याशी नातं जुळलेल्या घरातल्या माणसाने मध्यवर्ती ग्रंथालयापासून तालुक्यापर्यंतची मांडणी सुचवली, हे मुरुडकरांनी अभिमानाने सांगावं.

पुढे योजना टप्प्याटप्प्याने सुरू झाली, १९६७ मध्ये कायदा झाला, अ-ब-क-ड वर्ग आले, अनुदान आलं. गावोगावची वाचनालयं त्यामुळेच तगली. मात्र ग्रंथपालाचा दिवस देवघेव, दाखलपुस्तक आणि अनुदानाच्या कागदपत्रांत जाऊ लागला, आणि वाचकाचा प्रश्न घेऊन शोधाला निघणं मागे पडलं. रंगनाथन यांनी १९३१ च्या पाच सूत्रांत वाचकाचा वेळ वाचवायला सांगितलं होतं. तो वेळ वाचतो, कारण आधी कुणीतरी आपला वेळ घातलेला असतो. शंकर गणेश दाते यांनी तो घातला: १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी पुस्तकांची सूची, मग १९५० पर्यंतचा दुसरा भाग. आजही मराठीतलं जुनं पुस्तक शोधायला निघालेला माणूस दात्यांपाशी थांबूनच पुढे जातो.

मुरुडमध्ये शोधाच्या या कौशल्याची खरी कसोटी लागते. एखाद्या विद्यार्थ्याने गावाचा इतिहास मागितला, तर ‘मुरुड’ या नावाखाली फार थोडं हाती लागेल. १८८३ चं गॅझेटिअर ‘कुलाबा आणि जंजिरा’ या नावाने आहे. जिल्ह्याचं ‘रायगड’ हे नाव १९८१ चं, त्याआधीचं सगळं कुलाब्याखाली. जुन्या मराठी कागदांत राज्यकर्ते कधी सिद्दी, कधी शिद्दी, कधी हबशी, आणि मुलूख हबसाण. १७३३ ची जंजिऱ्याची मोहीम, १७३६ मध्ये चिमाजीअप्पांशी लढताना पडलेला सिद्दी सात, हे पाहायचं तर ब्रह्मेंद्रस्वामींचा पत्रव्यवहार आणि सरदेसायांनी संपादित केलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड चाळावे लागतात. जंजिरा संस्थानचा काही भाग, जाफराबाद, थेट काठेवाडात; तेव्हा त्याचे धागे गुजरातकडेही जातात. नाझली बेगमने १९०८ च्या युरोपप्रवासावर लिहिलेलं ‘सैर-ए-युरोप’ उर्दूत आहे. ते दात्यांच्या सूचीत सापडणार नाही, आणि लेखिकेचं नाव तरी कशाखाली शोधायचं, नाझली, रफिया की बेगम?

आता गॅझेटिअर मोबाइलवर उघडतं, म्हणून काम सोपं झालं असं समजणं मला धोक्याचं वाटतं. शोधयंत्र टाकलेल्या शब्दाभोवतीच फिरतं. ‘हबसाण’ हा शब्द सुचवायला माणूसच लागतो. जंजिरा किल्ल्याविषयी सांगोवांगीच्या कथाही त्याच पडद्यावर गॅझेटिअरच्या शेजारी दिसतात. त्यांतली कुठली कागदावर आहे आणि कुठली नुसतीच तोंडी चालत आली, हे मुलाला कुणी दाखवायचं? शाळेच्या प्रकल्पात चुकीचं शतक लिहिलं गेलं की तेच पुढे पर्यटकांनाही सांगितलं जातं.

ग्रंथपालांच्या प्रशिक्षणात वर्गीकरण आणि तालिकीकरण शिकवतात, ते हवंच. त्याच्या जोडीला प्रत्येक तालुक्याच्या ग्रंथालयाने आपल्या परिसराची सूची करायला हवी: जुनी नावं, त्यांची वेगवेगळी लेखनं, कुठली साधनं कुठल्या भाषेत, कुठल्या गावी. मुरुडसाठी ती मराठी, उर्दू, फारसी आणि इंग्रजी अशा चार भाषांत लागेल. उर्दू वाचणारी माणसं गावात आहेत. त्यांना बोलावून सुरुवात करता येईल.