व्हेस्पा की लॅम्ब्रेटा?

मध्यमवर्गीय संसारात घर आणि लग्नकार्य यांच्या खालोखाल ज्या खर्चाचा विचार वर्षानुवर्षे चाले, तो स्कूटरीचा. १९६० नंतरच्या दोन दशकांत कोणी प्रॉव्हिडंट फंडातून उचल घेई, कोणी भिशीच्या पैशांत भर घाली, आणि मग स्कूटरीसाठी नाव नोंदवी. नाव नोंदवण्यापूर्वी त्याच्यापुढे प्रश्न उभा राही : व्हेस्पा की लॅम्ब्रेटा? कचेरीत मधल्या सुट्टीत या प्रश्नावरून दोन तट पडत. दोन्ही तटांचा अभिमान दांडगा असे. कारणे मात्र क्वचितच कोणी तपासून पाही. वस्तुतः ती कारणे या दोन वाहनांच्या जन्मकथेतच दडलेली आहेत.

दोन्ही वाहने महायुद्धोत्तर इटलीची. पियाज्जिओ ही विमाने बांधणारी कंपनी. युद्धात तिचा पोंतेदेरा येथील कारखाना उद्ध्वस्त झाला आणि युद्धानंतर विमानांचे काम उरले नाही. तेव्हा कोरादिनो दास्कानिओ या विमान-अभियंत्याने १९४६ साली व्हेस्पा घडवली. ‘व्हेस्पा’ म्हणजे इटालियन भाषेत गांधीलमाशी. दास्कानिओला मोटरसायकल मुळीच आवडत नसे. तिची साखळी कपडे मळवते, तिचे चाक काढणे जिकिरीचे असते, या त्याच्या तक्रारी होत्या. पुढच्याच वर्षी मिलान शहरातील इन्नोचेंती कंपनीने लॅम्ब्रेटा बाजारात आणली. इन्नोचेंतीचा मूळ धंदा पोलादी नळ्यांचा. एकाचा हात विमानाच्या पत्र्यावर बसलेला, दुसऱ्याचा नळीवर. दोन्ही स्कूटरींतला सारा भेद येथून सुरू होतो.

व्हेस्पाला वेगळा सांगाडा नाही. दाबून आकार दिलेला पोलादी पत्रा हाच तिचा देह आणि तोच तिचा कणा. त्यामुळे ती आटोपशीर आणि हलकी झाली. परंतु कणा आणि कातडी एकच असल्यामुळे एखादी जबर धडक बसली तर केवळ पोचा येऊन भागत नाही, सारी चौकटच वाकण्याचा संभव असतो. मुंबई-कोकणाच्या खाऱ्या हवेत पत्र्याला लागलेला गंजही म्हणूनच अधिक धोक्याचा. तो शोभेला नव्हे, आधाराला पोखरतो. लॅम्ब्रेटा उलट जाड नळीच्या कण्यावर उभी. बाजूचे पत्रे त्या कण्यावर केवळ अडकवलेले. ते काढावेत, ठोकून सरळ करावेत, वाटल्यास नवे बसवावेत; कण्याला धक्का लागत नाही. या सोयीची किंमत म्हणजे वाढलेले वजन.

दुसरा भेद इंजिनाच्या जागेचा. दास्कानिओने इंजिन मागच्या चाकालगत उजव्या अंगाला बसवले आणि शक्ती गिअरमधून थेट चाकाला दिली. साखळीच नाही, मग ती सैल होणार कोठून आणि तुटणार कोठून? पण इंजिनाचा भार एका बाजूला आल्यामुळे नवशिक्याला गाडी उजवीकडे ओढते आहे असे वाटे. लॅम्ब्रेटाचे इंजिन मधोमध, आडवे. तिचा तोल त्यामुळे सरळ. मात्र तेथून चाकापर्यंत शक्ती पोचवण्यास दुवा हवा. आरंभीच्या लॅम्ब्रेटांत त्यासाठी दांडा होता. १९५८ साली आलेल्या एलआय मालिकेपासून तेलात बुडालेली बंदिस्त साखळी आली. बंदिस्त असली तरी साखळी ती साखळीच. ती झिजते आणि तिचा ताण अधूनमधून पाहावा लागतो.

तिसरा भेद चाकांचा. साठीच्या दशकात आपल्याकडच्या व्हेस्पाची चाके आठ इंची होती, तर लॅम्ब्रेटा एलआयची दहा इंची. दोन इंचांचा हा फरक कागदावर किरकोळ दिसतो. खड्ड्यात तो कळतो. लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते आणि हादरा सरळ कमरेला देते. शिवाय लॅम्ब्रेटाच्या दोन चाकांतील अंतर जास्त. सरळ रस्त्यावर ती अधिक ठाम चाले. व्हेस्पाचा आखूडपणा मात्र गल्लीबोळांत कामी येई.

पण चाक पंक्चर झाले की पारडे फिरे. व्हेस्पाचे पुढचे चाक एकाच बाजूने धरलेले असते. चार-पाच नट सोडवले की मोटारीच्या चाकासारखे ते निघते आणि स्टेपनी बसते. लॅम्ब्रेटाचे पुढचे चाक दोन बाहूंच्या मध्ये. त्याचा आस सैल केल्याशिवाय ते हाती येत नाही. दिवेलागणीच्या वेळी, मागे पत्नी आणि पुढे उभे असलेले मूल घेऊन वाटेत अडकलेल्या गृहस्थाला या फरकाचे मोल कोणी समजावून सांगावे लागत नसे.

बाकी बाबतींत दोघी बहिणी-बहिणीच. इंजिने सुमारे दीडशे सीसीची आणि दोन धावांची. पेट्रोलमध्ये तेल मिसळावे लागे. गिअर डाव्या मुठीत, मागचा ब्रेक उजव्या पायाशी, पुढे चिखल अडवणारा पत्रा. साडी अथवा धोतर नेसून बसता येईल असे वाहन म्हणून दोहोंची योग्यता सारखीच.

तेव्हा निवड गुणांची नव्हती, गरजेची होती. इंदूरच्या किंवा पुण्याच्या पेठांतून रोज तीन-चार मैलांची फेरी करणाऱ्या शिक्षकाला व्हेस्पा सोयीची. दिल्लीच्या रुंद रस्त्यांवरून लांबचा पल्ला गाठणाऱ्याला, किंवा खडबडीत वाटेने तालुक्याच्या गावी जाणाऱ्याला लॅम्ब्रेटा सुखाची. ‘चांगली कोणती?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘कोणाला, कोठे आणि किती ओझ्यासाठी?’ एवढे जोडल्यावरच त्याला उत्तर मिळते.

प्रत्यक्षात मात्र उत्तर पुष्कळदा तिसऱ्याच गोष्टीने ठरे. भारतात लॅम्ब्रेटा मुंबईच्या ऑटोमोबाईल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीची, तर व्हेस्पा बजाज ऑटोची. बजाजला उत्पादनाचा परवाना १९५९ साली मिळाला. मागणी अफाट आणि उत्पादन बेताचे, म्हणून १९६० पासून स्कूटरींच्या वाटपावर सरकारी नियंत्रण आले. अनामत भरून वाट पाहायची. ही वाट काही वेळा दहा वर्षांच्या घरात जाई. नाव नोंदवताना कडेवर असलेले मूल गाडी येईपर्यंत हायस्कुलात गेलेले असे. अशा वेळी जी आधी मिळेल ती चांगली, हाच शहाणपणा ठरे.

आणि वाहन आयुष्यभर चालवायचे तर कारखान्याचे आयुष्यही मोजावे लागते. पियाज्जिओशी असलेला करार १९७१ साली संपला, तेव्हा बजाजने तीच घडण ‘चेतक’ या नावाने पुढे चालवली. तिकडे इन्नोचेंतीने लॅम्ब्रेटा बंद केली. तिची यंत्रसामग्री भारत सरकारने विकत घेतली आणि १९७२ साली लखनौला स्कूटर्स इंडिया ही कंपनी स्थापन झाली. तिची ‘विजय’ स्कूटर रस्त्यावर आली खरी. पण गावोगावच्या मिस्त्र्याचा हात चेतकवर बसला आणि सुटे भागही तिचेच कोपऱ्या-कोपऱ्यावर मिळू लागले. नळीचा भक्कम कणा असूनही लॅम्ब्रेटाचा वंश मागे पडला, त्याचे एक मोठे कारण हे.

पुढे गिअरची स्कूटरच मावळली. २००९ साली बजाजने स्कूटरीचे उत्पादन थांबवण्याचा निर्णय जाहीर केला. २०१९ साली चेतक हे नाव परतले ते विजेवर चालणाऱ्या वाहनावर. यंत्र पालटले, पण घेणाऱ्याने विचारावयाचे प्रश्न पालटले नाहीत. चाक केवढे? भार कोठे? रस्ता कसा? आणि बिघडली तर दुरुस्त करणारा घरापासून किती दूर? रंग आणि शेजाऱ्याचे मत यांच्या आधी हे चार प्रश्न ज्याने विचारले, त्याची निवड सहसा चुकत नाही.