गारठलेल्या पाकिटाचे अर्थशास्त्र

पराभव पचविण्याची औषधे अनेक आहेत. पण ‘सारे आधीच ठरलेले होते’ या मात्रेइतकी गुणकारी दुसरी नाही. ती घेतली की आपला संघ दुबळा ठरत नाही, दैव आंधळे ठरत नाही आणि सामन्यापुढे घालविलेली संध्याकाळही व्यर्थ ठरत नाही. अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉलचे चाहते ही मात्रा गेली चार दशके श्रद्धेने उगाळीत आहेत.

एनबीए या तेथील संघटनेत होतकरू खेळाडू निवडण्याचा पहिला मान दुबळ्या संघांकडे जाई. हेतू उदात्त होता. पण हरण्याला बक्षीस ठेवले की हरण्याचा धंदा भरभराटीस येतो, हे सांगण्यास अर्थशास्त्राची पदवी लागत नाही. १९८४ मध्ये ह्यूस्टनचा संघ हंगामाच्या अखेरीस मुद्दाम हरला, असा बोभाटा झाला. त्या संघाला हकीम ओलाजुवान हा खेळाडू मिळाला. यावर उतारा म्हणून १९८५ पासून सोडत आली. मुद्दाम हरण्याचा संशय काही अंशी दूर झाला आणि सोडतीविषयीच्या संशयाचा जन्म झाला.

त्या वर्षी १२ मे रोजी न्यूयॉर्कच्या वॉल्डॉर्फ अस्टोरिया हॉटेलात सात संघांची सात पाकिटे एका फिरत्या पिंपात टाकण्यात आली. बक्षीस होते सात फूट उंचीचा पॅट्रिक युइंग. आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी हात घातला आणि मान मिळाला न्यूयॉर्कलाच! मग काय विचारता? कोणी म्हणाले, ते पाकीट आधी शीतकपाटात ठेवून गारठविले होते. कोणी म्हणाले, त्याचा कोपरा दुमडला होता. काही सावध मंडळींनी दोन्ही मते एकदम स्वीकारली. एका पाकिटासाठी दोन-दोन खुणा म्हणजे साधनसंपत्तीचा अपव्ययच म्हणावयाचा!

‘लाभ कोणाचा?’ हा या पंथाचा आवडता प्रश्न. मोठ्या शहराचा संघ बलवान झाला की संघटनेचा गल्ला भरतो, हे खरेच. पण लॉस एंजेलिसचा क्लिपर्स संघ निवडला गेला असता, तर मोठ्या शहराचा तोच सिद्धान्त तेथे लागू झाला असता. सॅक्रॅमेंटोला त्याच वर्षी नवा संघ आला होता, तेव्हा ‘नव्या गावाला भुलविण्याचा डाव’ सिद्ध झाला असता. सातांपैकी एकाला मान मिळणारच होता आणि सातही निकालांची कटकथा तयार होती. कोणत्याही उत्तराने जो खोटा ठरत नाही, तो सिद्धान्त नव्हे. तो नवस होय. त्यातही गंमत अशी, की ज्याच्यासाठी एवढे पाकीट गारठविले, त्या युइंगला न्यूयॉर्ककडून एकही अजिंक्यपद मिळाले नाही. १९९४ च्या अंतिम फेरीत त्याच्या संघाला हरविले ते ओलाजुवानच्या ह्यूस्टननेच!

पुढे पाकिटे गेली, क्रमांक घातलेले चेंडू आले. संशय मात्र जागच्या जागी राहिला. २०२५ च्या फेब्रुवारीत डॅलसने लुका डोंचिच हा आपला हिरा लॉस एंजेलिसला देऊन टाकला आणि मे महिन्यात अवघी १.८ टक्के शक्यता असताना सोडतीत पहिला मान पटकावला. चाहत्यांनी दोहोंची बेरीज तत्काळ केली. सोडतीतल्या अनेक संघांची शक्यता अशीच अल्प असते. पण त्या अल्प शक्यताही एकत्र केल्या की वर्षानुवर्षांत केव्हा तरी असा निकाल लागणारच, ही दुसरी बेरीज करण्यास कोणालाच सवड नव्हती.

म्हणून खेळात कट होतच नाहीत, असे मात्र नव्हे. याच एनबीएचा पंच टिम डोनाघी याने २००७ मध्ये गुन्हा कबूल केला. आपण पंच असलेल्या सामन्यांवरही त्याने पैजा लावल्या होत्या. त्याला पंधरा महिन्यांची शिक्षा झाली. आपल्याकडे २००० साली दिल्ली पोलिसांनी टिपलेल्या दूरध्वनी-संभाषणांतून दक्षिण आफ्रिकेचा कर्णधार हॅन्सी क्रोनिए उघडा पडला. सट्टेबाजाकडून त्याने स्वीकारलेल्या वस्तूंत एक चामड्याचे जाकीटही होते. खरे कट असे असतात! त्यांत जगाचे सूत्रधार नसतात, दोन-चार लोभी माणसे असतात. त्यांना शीतकपाट लागत नाही, दूरध्वनी आणि रोकड पुरते. आणि ते पकडले जातात तेही तर्काच्या भराऱ्यांनी नव्हे, तर नोंदी, साक्षी आणि कबुलीजबाब यांनी.

हा भेद पुसला गेला, तर विनोद महागात पडतो. २००० नंतर कित्येक दिवस प्रत्येक धावबाद फलंदाज आपल्या चाहत्यांना विकला गेलेला वाटे. त्यात प्रामाणिकपणे चुकलेला भरडला जातो आणि खरा अपराधी गर्दीत सुखाने मिसळतो. कारण सगळेच चोर असतील तर एखाद्या चोराचा माग काढण्याचे कष्ट कोण घेईल? तेव्हा गारठलेल्या पाकिटावर मनमुराद हसावे. पण हिशेबाच्या वह्या तपासणाऱ्याला त्या हशात वेड्यात काढू नये.